फाइल दूरची, डेटा आपला

आपल्याकडच्या अनेक प्रीपेड पॅकमध्ये रोजचा दीड-दोन जीबी डेटा संपला, की वेग ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे सेकंदाला आठ किलोबाइट. या वेगाने २० एमबीची पीडीएफ उतरायला पाऊण तास लागेल. अशा पॅकच्या फोनवरच्या हॉटस्पॉटला जोडलेल्या लॅपटॉपवर क्लाउडवरचा एखादा फोल्डर नुसता उघडला, तरी छोटी चित्रे दाखवण्यासाठी काही प्रोग्रॅम आतले फोटो पूर्णच्या पूर्ण ओढायला लागतात. माणसाला फक्त नावे बघायची असतात. दूरची फाइल घरच्या डिस्कवर असल्यासारखी दाखवणे ही सोय आहे, पण तिच्यापायी होणारा खर्च लपवणे हा अन्याय आहे. आकार आधी सांगावा, लागेल तेवढाच भाग आणावा आणि आणलेले जपून ठेवावे, एवढे सॉफ्टवेअरने करायलाच हवे.

यासाठी नवे काही शोधायचे नाही. फाइलचा ठरावीक तुकडाच मागण्याची सोय वेबच्या एचटीटीपी या प्रोटोकॉलच्या १.१ आवृत्तीत १९९७ पासून आहे. तुटलेले डाउनलोड जिथे थांबले तिथून पुढे नेता येते ते त्यामुळेच. आपल्याकडची प्रत जुनी झाली का, एवढेच विचारता येते; झाली नसेल तर सर्व्हर दोन ओळींत तसे कळवतो. झिप फाइलची यादी तिच्या शेवटी असते, त्यामुळे ५०० एमबीच्या झिपमध्ये काय आहे हे बघायला शेवटचा लहानसा भाग बहुधा पुरतो. १९९६ मध्ये आलेला आरसिंक हा प्रोग्रॅम तर फाइलमधला बदललेला भागच पाठवतो. तरीही कितीतरी प्रोग्रॅम आख्खी फाइल तात्पुरत्या फोल्डरात उतरवतात, बंद करताना पुसतात आणि पुन्हा उघडली की पुन्हा तेवढाच डेटा खर्च करतात. काही सर्व्हर तुकडे देत नाहीत, हे खरे. तिथे निदान आकार सांगून विचारावे.

डेटा आता स्वस्त आहे, मग एवढी काटकसर कशाला, असे कोणी म्हणेल. जीबीचा दर उतरला, पण रोजची मर्यादा उठली नाही. दुपारी कोटा संपलेल्या विद्यार्थ्याला संध्याकाळच्या ऑनलाइन तासाला स्वस्त दराचा काय उपयोग? दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: सारखे विचारले, की लोक न वाचता ‘हो’ दाबतात. म्हणून लहान फाइलींसाठी विचारूच नये. ठरावीक आकाराच्या वर, आणि कनेक्शन मोजके, म्हणजे डेटाची मर्यादा असलेले, असेल तेव्हाच विचारावे. ते मोजके आहे हे कळते का? बरेचदा कळते. विंडोजमध्ये ही नोंद २०१२ पासून करता येते, अँड्रॉइडमध्ये २०१६ पासून डेटा सेव्हर आहे, आयफोनमध्ये २०१९ पासून लो डेटा मोड. अँड्रॉइडचा हॉटस्पॉट तर जोडणाऱ्या यंत्राला तसा इशाराही देतो, आणि लिनक्सवरचा नेटवर्क मॅनेजर तो ओळखतो. जिथे काहीच कळत नाही, तिथे कनेक्शन मोजके धरूनच चालावे. तो अंदाज चुकला तर एक क्लिक वाढेल. उलटा चुकला तर कोणाचा तरी दिवसभराचा डेटा जाईल.