क्षेत्रफळावरून परीघ

जमिनीचे नुसते क्षेत्रफळ सांगितले तर कुंपण किती लागेल हे सहसा सांगता येत नाही. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. ही जागा 33 फूट बाजूची चौरस असेल तर कुंपण 132 फूट. तीच 99 फूट लांब आणि 11 फूट रुंद पट्टी असेल तर 220 फूट. वर्तुळाचे मात्र तसे नाही. सगळी वर्तुळे एकाच आकाराची, फक्त लहानमोठी. म्हणून क्षेत्रफळ ठरले की परीघही ठरतोच. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (1150) वर्तुळाचे क्षेत्रफळ परीघ आणि व्यास यांच्या गुणाकाराच्या चौथ्या हिश्शाइतके सांगितले आहे. व्यास म्हणजे परीघ भागिले पाय. ही किंमत त्या नियमात घातली की परिघाचा वर्ग क्षेत्रफळाच्या 4 पाय पट निघतो. त्याचे वर्गमूळ काढा, परीघ हाती येतो. त्रिज्या वेगळी शोधावीच लागत नाही. गोल गुंठ्याचा परीघ सुमारे 117 फूट, म्हणजे चौरसापेक्षा 15 फूट कमी!

चौरस फुटांतून साधे फूट कसे निघाले, ही शंका रास्त आहे. ते काम वर्गमूळ करते, आणि त्यामुळेच क्षेत्रफळ चौपट झाले तरी परीघ दुप्पटच होतो. पाय कधीच पूर्ण लिहिता येत नाही, मग उत्तर कच्चे नाही का? 22/7 घेतले तर या 117 फुटांत फरक पडतो जेमतेम पाव इंचाचा.