पॉवर टिलर सुरू करताना अंगठा कुठे ठेवावा?

पावसाळ्यात कल्याण, मुरबाड, शहापूरकडे गेलात की भाताच्या खाचरात चिखलणी करणारा पॉवर टिलर दिसतोच. हँडल मारून तो सुरू करताना घाई केली, तर हात मोडू शकतो. असं का होतं, ते पाहू.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की ती ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. हँडल फिरवताना हा दाब आपल्या हातानेच दिला जातो. वेग कमी पडला आणि पिस्टन पूर्ण वर जाण्याआधीच डिझेल पेटलं, तर हँडल झटक्यात उलटं फिरतं!

म्हणून आधी टिलर सपाट जागी, उघड्यावर उभा करा. बंद शेडमध्ये धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड साचतो. इंजिन थंड असतानाच ऑइल, पाणी, डिझेल तपासा. पट्ट्यावरचं कव्हर बसवलेलं हवं, गिअर न्यूट्रलला हवा आणि पात्यांजवळ कोणी नको.

मग डिकॉम्प्रेशनचा खटका धरून ठेवा. त्याने झडप उघडी राहते, हवा निसटते आणि हँडल हलकं फिरतं. चांगला वेग आला की खटका सोडा, पण फिरवणं थांबवू नका. अंगठा मात्र बाकी बोटांच्या बाजूलाच ठेवायचा. मूठ आवळली, तर उलट्या झटक्यात तो सापडतो.

मुलांनो, हँडल मोठ्यांनाच मारू द्या. बाबा-काकांचा अंगठा कुठे आहे, तेवढं तुम्ही नक्की बघा.