‘प्रोसेसमध्ये आहे’ : एका वाक्प्रयोगाची किंमत

सकाळच्या एस.टी.ने लोणारला उतरणाऱ्या माणसांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. एक सरोवर पाहावयास आलेल्यांचा, दुसरा कागदासाठी आलेल्यांचा. पहिला वर्ग दैत्यसूदनाचे मंदिर आणि धार पाहून, विवराच्या काठावर उभा राहून, तृप्त मनाने परततो. दुसऱ्या वर्गाच्या पदरी पुष्कळदा एकच वाक्य पडते. ‘साहेब, माह्या कागदाचं काय झालं?’ असा प्रश्न होतो आणि मान वर न करता उत्तर मिळते, ‘प्रोसेसमध्ये आहे.’ विचारणारा मान डोलावतो आणि परतीच्या गाडीची चौकशी करू लागतो. हे दृश्य एकट्या लोणारचे नाही. महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी, कोणत्याही कचेरीच्या, बँकेच्या वा शाळेच्या खिडकीशी ते दिसेल.

‘इन प्रोसेस’ हा इंग्रजी वाक्प्रयोग मराठी वाक्यात इतका रुळला आहे की त्याचे परकेपण आता कोणाला जाणवत नाही. शिष्यवृत्ती प्रोसेसमध्ये आहे, वैद्यकीय खर्चाचे बिल प्रोसेसमध्ये आहे, निवृत्तिवेतनाची प्रोसेस चालू आहे, कर्जाची फाइल अंडर प्रोसेस आहे. कचेरीतून हा शब्द घरातही शिरला. मुलीच्या सोयरिकीची बोलणी प्रोसेसमध्ये असतात आणि परीक्षा तोंडावर आलेल्या विद्यार्थ्याचा अभ्यासही प्रोसेसमध्येच असतो. भाषाशुद्धीच्या अभिमान्यांना याचे दुःख होईल. परंतु भाषा परके शब्द घेऊनच वाढत असते. मराठीने फारसीतून अर्ज, दप्तर, तारीख आणि दाखला घेतले व ते पचविले. तेव्हा शब्द इंग्रजी आहे, एवढ्यावर तक्रार करण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती या वाक्यातून काय गळून पडते याविषयी.

‘अर्ज पाठविला’ असे म्हटले की कोणी पाठविला, कोणाकडे पाठविला, केव्हा पाठविला हे प्रश्न आपोआप उभे राहतात. क्रियापद करण्याचे असेल तर कर्ता शोधावाच लागतो. ‘प्रोसेसमध्ये आहे’ या वाक्यातील क्रियापद मात्र असण्याचे आहे. कागद कोणी काही करीत नाही, तो फक्त कोठेतरी असतो. प्रोसेस ही जणू एखादी खोली आहे आणि तिच्यात गेलेला कागद आपल्या इच्छेने बाहेर येईल तेव्हा येईल! या वाक्याला कर्ता नाही, तारीख नाही आणि म्हणून त्याला खोटे ठरविण्याचीही सोय नाही. सहा महिन्यांनी तेच वाक्य तितक्याच निर्धास्तपणे पुन्हा उच्चारता येते.

या बाबतीत मराठीला निर्दोष ठरविणेही अप्रामाणिकपणाचे होईल. 1960 मध्ये राज्य स्थापन झाले, त्याच वर्षी भाषा संचालनालय सुरू झाले आणि 1964 मध्ये राजभाषा अधिनियम झाला. लोकांचा कारभार लोकांना समजेल अशा भाषेत चालावा, हा त्यामागील हेतू स्तुत्य होता. परंतु त्याच कारभाराने ‘विचाराधीन आहे’, ‘उचित कार्यवाही सुरू आहे’, ‘यथावकाश कळविण्यात येईल’ असे शब्दप्रयोगही रूढ केले. त्यांतही कर्ता नाही आणि तारीख नाही. आडोसा तोच राहिला, पूर्वी तो संस्कृतप्रचुर होता, आता इंग्रजी आहे, इतकेच.

गंमत अशी की, या वाक्प्रयोगाला हिशेबशास्त्रात जो अर्थ आहे तो अगदी उलट, अत्यंत काटेकोर आहे. कारखान्यात जो माल कच्चा राहिलेला नाही पण पक्काही झालेला नाही, त्याला ‘वर्क इन प्रोसेस’ म्हणतात. वर्षअखेरीस ताळेबंद करताना असा अर्धनिर्मित माल किती आहे, कोणत्या टप्प्यावर आहे आणि त्यात किती खर्च पडला आहे हे लिहून काढावे लागते. कारण त्यात भांडवल अडकलेले असते. असा माल वाढू लागला की मालकाची झोप उडते, कोठे काम तुंबले याची चौकशी होते. कचेरीत अडकलेल्या कागदामागेही कोणाचे तरी भांडवल अडकलेले असते. फरक एवढाच की ते कचेरीचे नसते, अर्जदाराचे असते, आणि म्हणून ते कोणत्याच ताळेबंदात येत नाही.

साधा हिशेब मांडून पाहावा. समजा, खेड्यातील एका मजुराचा रोज 400 रुपये आणि जाण्यायेण्याचे भाडे 80 रुपये आहे. एका दाखल्यासाठी त्याला चार खेपा पडल्या तर त्याची 1,920 रुपयांना खोट बसली. दाखल्याचे अधिकृत शुल्क याच्यापुढे नगण्य ठरते. त्यातही पेरणीच्या तोंडावर अडलेले पीककर्ज किंवा प्रवेशाच्या मुदतीत न मिळालेला जातीचा दाखला यांचे नुकसान तर रुपयांत मोजताच येत नाही. पेरणीची वेळ एकदा टळली की मागाहून आलेल्या पैशाने ती परत येत नाही. वाट पाहणे फुकट असते, हा समज ज्यांना वाट पाहावी लागत नाही त्यांचाच असू शकतो.

खरी प्रक्रिया म्हणजे काय, हे पाहावयाचे तर लोणारला त्यासाठी दूर जावयास नको. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे हे विवर बसाल्टच्या खडकात कसे निर्माण झाले, या प्रश्नाचा उलगडा व्हावयास दीडशे वर्षे लागली. 1823 मध्ये अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. 1896 मध्ये गिल्बर्ट या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने अॅरिझोनातील विवराशी त्याचे साम्य दाखविले, पण दोन्हींचा उगम ज्वालामुखीय असावा असे मानले. अखेर 1973 मध्ये फ्रेड्रिकसन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी आघाताच्या प्रचंड दाबाखालीच होऊ शकणारे खनिजांतील बदल दाखवून हे उल्काघाताचे विवर असल्याचे सिद्ध केले. दीडशे वर्षे हा काळ थोडा नव्हे. परंतु त्यातील प्रत्येक पायरीवर नाव आहे, साल आहे आणि पुरावा आहे. चूक कोणाची झाली आणि ती कोणी दुरुस्त केली, हेही नोंदलेले आहे. काम लांबले म्हणून ते प्रक्रिया राहत नाही असे नाही. कोणी काय केले हे सांगता येत नाही, तेव्हा मात्र ती प्रक्रिया राहत नाही.

सरोवराच्या संवर्धनाची कथा याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. 1979 मध्ये लोणारला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा मिळाला, 2000 मध्ये परिसर अभयारण्य झाला आणि नोव्हेंबर 2020 मध्ये रामसर यादीत त्याचा समावेश झाला. तरीही दरम्यानच्या काळात सांडपाणी सरोवराकडे जाते ही तक्रार मिटली नाही आणि प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे न्यावा लागला. या सरोवरातून पाणी बाहेर जाण्यास वाट नाही. जे आत येते ते तेथेच साठते. म्हणूनच त्याचे पाणी खारट व अल्कधर्मी झाले. कारभारातील दिरंगाईचेही असेच आहे. तिला निचरा नसतो, ती साठत जाते.

यावर उपाय नाही असेही नाही. 2005 च्या माहितीच्या अधिकाराने साधारणतः 30 दिवसांत माहिती देणे बंधनकारक केले. शासकीय कामातील विलंबास प्रतिबंध करणाऱ्या राज्याच्या कायद्याने कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाइल सर्वसाधारणपणे 7 कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक पडून राहू नये असे म्हटले. 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने तर याहून पुढची पायरी गाठली. अधिसूचित सेवेसाठी पदनिर्देशित अधिकारी ठरला, मुदत ठरली, अर्ज मिळाल्याची पोच क्रमांकासह आणि मुदतीसह देण्याचे ठरले, नकाराची कारणे लेखी कळविणे आले, तीन अपिलांची सोय झाली आणि कसूर केल्यास 500 ते 5,000 रुपयांपर्यंत शास्तीची तरतूद झाली. बारकाईने पाहिले तर या कायद्याने व्याकरणाचेच काम केले आहे. ‘प्रोसेसमध्ये आहे’ या वाक्यातून गळलेला कर्ता आणि गळलेली तारीख त्याने वाक्यात परत आणून बसविली.

खिडकीमागे बसलेल्या कारकुनावर सारा दोष ढकलणे मात्र अन्यायाचे होईल. जागा रिकाम्या असतात, एकाच्या टेबलावर तिघांचे काम येते, आणि संगणकाच्या पडद्यावर ‘अंडर प्रोसेस’ यापलीकडे त्यालाही काही दिसत नाही. वरिष्ठांच्या सहीसाठी थांबलेल्या कागदाविषयी स्पष्ट बोलण्याचे धैर्य त्याच्याकडून अपेक्षावे आणि संरक्षण मात्र देऊ नये, हे बरे नव्हे. शिवाय काही विलंब न्यायासाठीच असतो. जमिनीच्या फेरफाराची नोंद झाली तरी हरकतीसाठी 15 दिवस थांबावेच लागते, आणि ते थांबणे दुसऱ्याच्या हक्काचे रक्षण करते. पण हे सांगता येते. ‘हरकतीची मुदत 20 तारखेला संपेल, त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतील,’ या वाक्याला फार तर दहा सेकंद अधिक लागतात आणि एका माणसाची एक खेप वाचते.

शब्द कोणता वापरावा, हा भाषापंडितांचा प्रश्न झाला. प्रोसेस म्हणावे की प्रक्रिया, याने अर्जदाराचे पोट भरत नाही. त्याला हवी असतात दोनच उत्तरे : कागद कोणाकडे आहे आणि केव्हा मिळेल. ही दोन उत्तरे देणारे वाक्य अर्धे इंग्रजी असले तरी ते लोकभाषेतील वाक्य होय. ती न देणारे वाक्य शुद्ध मराठीत असले तरी खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसाला ते परकेच आहे.