शंभरात नव्वद, म्हणजे किती?

वर्तमानपत्रात अधूनमधून एक बातमी येते : छातीचा एक्स-रे पाहून संगणकाने अमुक रोग नव्वद टक्के अचूक ओळखला. बातमीच्या मुळाशी बहुधा एखादा शोधनिबंध असतो. असे निबंध आता इतके निघतात की, डॉक्टरांनाही ते सगळे वाचणे शक्य होत नाही. म्हणून त्यांच्या छाननीचे एक स्वतंत्र लेखन उभे राहिले आहे. त्याला संशोधन-आढावा म्हणतात. मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो. वैद्यक हा माझा विषय नव्हे. तरी हे आढावे मी आवडीने वाचतो, कारण नव्वद टक्क्यांसारख्या गोंडस आकड्याची झाडाझडती तिथे घेतलेली असते. भाषेच्या अंकात हा विषय आणण्याचे कारण पुढे येईलच.

आढावा हा शब्द आपण जरा सैल वापरतो. संस्थेच्या अहवालात कार्याचा आढावा असतो, दिवाळी अंकात वर्षभरातल्या कवितेचा. तो घेणारा आपल्या आवडीची पुस्तके उचलतो आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नाही. वैद्यकातला पद्धतशीर आढावा मात्र हिशेब तपासनिसाच्या जातीचा. प्रश्न आधी लिहून ठेवायचा, शक्यतो जाहीर नोंदवायचा. कोणत्या सूचींत, कोणते शब्द घालून शोध घेतला ते सांगायचे. सापडलेला निबंध ठेवायचा की वगळायचा, हे निदान दोघांनी एकमेकांना न विचारता ठरवायचे, आणि वगळला तर कारण नोंदवायचे. आर्ची कॉक्रन या ब्रिटिश डॉक्टरने १९७९ मध्ये आपल्याच व्यवसायाला दोष दिला होता, की उपचारांच्या चाचण्यांचा असा चोख, वेळोवेळी ताजा केलेला गोषवारा आम्ही ठेवलेलाच नाही. त्याच्या नावाने काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था १९९३ मध्ये सुरू झाली.

ही झाडाझडती किती कडक असू शकते, याचे माझ्या वर्गातले नेहमीचे उदाहरण करोनाकाळातले आहे. २०२० साली छातीचे एक्स-रे आणि सीटी स्कॅन पाहून कोविड ओळखणाऱ्या संगणकीय पद्धतींचा पूर आला होता. केंब्रिजच्या संशोधकांच्या पुढाकाराने १ जानेवारी ते ३ ऑक्टोबर २०२० या काळातल्या अशा निबंधांचा आढावा घेण्यात आला आणि तो मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. शोधात २,२१२ निबंध सापडले. पहिल्या चाळणीत ४१५ उरले, गुणवत्तेच्या चाळणीत ६२. या ६२ पैकी रुग्णालयात वापरण्याजोगी पद्धत एकही नव्हती.

एकही नाही! आणि यातले बरेच निबंध अचूकतेचे मोठमोठे आकडे मिरवत होते. मग आकडे खोटे होते का? तसे नाही. गणित बरोबर होते, माल वेगळाच होता. काही गटांनी कोविड नसलेल्यांचे नमुने म्हणून एक ते पाच वर्षांच्या मुलांचे एक्स-रे वापरले होते, कारण तो संच सहज मिळत होता. कोविडचे रुग्ण मोठ्या वयाचे. संगणकाला लहान छाती आणि मोठी छाती एवढा फरक कळला, तरी त्याला पैकीच्या पैकी गुण मिळणार. दुसरीकडे, सार्वजनिक संच एकमेकांत मिसळून नव्या नावाने पुढे दिले जात होते. त्यामुळे ज्या चित्रांवर शिकवणी झाली, त्यांतलीच काही परीक्षेच्या संचात येऊन बसण्याचा धोका होता. प्रश्नपत्रिका फुटल्यावर लागलेल्या निकालाचे मोल शिक्षकांना सांगायला नको.

माल चांगला असला, तरी नव्वद टक्के हा शब्दप्रयोग फसवा राहतोच. तो नेमका कशाचा, हे विचारावे लागते. तपासणीला दोन वेगळे गुण असतात : आजारी माणसाला आजारी म्हणणे ही संवेदनशीलता, आणि निरोगी माणसाला निरोगी म्हणणे ही विशिष्टता. दोन्ही नव्वद टक्के आहेत असे धरू. एका गावातल्या १,००० लोकांची तपासणी केली आणि त्यांत खरे आजारी १० आहेत. त्यांतले ९ सापडतील. उरलेल्या ९९० निरोग्यांपैकी एकदशांश, म्हणजे ९९ जणांनाही तपासणी आजारी ठरवील. एकूण १०८ जणांच्या हातात आजाराची चिठ्ठी, आणि खरा आजार त्यांतल्या ९ जणांना. बाकीच्या ९९ घरांत काळजी, पुढच्या तपासण्यांचा खर्च, बुडालेली रोजी. तीच तपासणी रुग्णालयात वापरली, जिथे दर दोघांत एक आजारी आहे, तर चिठ्ठी मिळालेल्या दहातले नऊ खरेच आजारी निघतील. तपासणी बदलली नाही, माणसे बदलली. वर्गात हे फळ्यावर मांडले की, हुशार मुलेही पुन्हा एकदा बेरीज करून पाहतात.

जागेनेही फरक पडतो. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला होणारी इजा छायाचित्रावरून ओळखणारी गुगलची पद्धत २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या शिकवणीत भारतातल्या नेत्ररुग्णालयांतली छायाचित्रेही होती, आणि निकाल उत्तम होते. पुढे थायलंडमधल्या ११ दवाखान्यांत तिचा प्रत्यक्ष वापर पाहिला गेला. पहिल्या सहा महिन्यांत दिलेल्या १,८३८ छायाचित्रांपैकी सुमारे २१ टक्के पद्धतीने पुरेशी स्पष्ट नाहीत म्हणून परत केली. खोल्यांत पुरता अंधार करता येत नव्हता, इंटरनेट रखडत होते, आणि सकाळपासून रांगेत बसलेल्या रुग्णाला दुसऱ्या गावी तज्ज्ञाकडे जा म्हणून सांगण्याची पाळी परिचारिकांवर येत होती. हे केवळ प्रयोगशाळेतल्या निबंधांच्या आढाव्यात दिसणार नाही; दवाखान्यात बसून केलेला अभ्यास त्यात धरला तरच दिसेल.

आता भाषेकडे येतो. निवडीच्या अटींत ‘फक्त इंग्रजीतील निबंध’ अशी ओळ अनेक आढाव्यांत सापडते. भाषांतराला पैसा आणि वेळ लागतो, ही अडचण खरी. पण मला त्याहून मोठी गळती फार आधी, केसपेपरवरच होताना दिसते. विदा (डेटासाठी हा शब्द आता रुळतो आहे) तिथेच जन्माला येते, आणि आपल्याकडे ती सहसा इंग्रजीत लिहिली जाते. मराठी माणसाचे दुखणे एकच नसते. दाढ ठणकते, गळू ठुसठुसते, पाठीत चमक भरते, पोटात कळ येते, जखम चुरचुरते, पायाला मुंग्या येतात. कागदावर यांतल्या बहुतेकांचे ‘पेन’ होते. ‘जीव घाबरा होतो’ याचे काय करायचे? बोलणारी बाई छातीबद्दल सांगत असेल, साखर उतरल्याबद्दल किंवा भीतीबद्दलही. लिहिणाऱ्याने ‘अँग्झायटी’ लिहिले की बाकीच्या शक्यता नोंदीतून गेल्या. उद्या त्या नोंदींवर शिकलेल्या संगणकाला त्या कुठून कळणार?

हा प्रश्न आता दूरचा राहिलेला नाही. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. त्यात माणसाला १४ आकडी आभा क्रमांक मिळतो आणि त्याच्या संमतीने निरनिराळ्या दवाखान्यांतल्या नोंदी जोडता येतात. ही सोय मला हवीशी वाटते. कागद हरवत नाहीत, त्याच तपासण्या पुन्हा कराव्या लागत नाहीत. पण नोंदी जोडल्याने मुळात न लिहिलेला शब्द परत येत नाही.

इंदूरच्या मराठी घरांत तर आणखी एक वळण आहे. आजी मराठीत दुखणे सांगते, नात ते हिंदीत डॉक्टरांना सांगते, डॉक्टर इंग्रजीत लिहितात. गेली काही वर्षे मी विद्यार्थ्यांना सांख्यिकीच्या प्रात्यक्षिकासाठी घरच्या वडीलधाऱ्यांकडून आजारपणाचे शब्द गोळा करायला सांगतो आणि कोणता शब्द कोणत्या वयोगटात उरला आहे, याचा तक्ता करून घेतो. ‘कणकण’ हा शब्द आजी-आजोबांच्या रकान्यात भरभरून आहे, नातवंडांच्या रकान्यात विरळ. थर्मामीटरवर न दिसणारी ही अवस्था नोंदीच्या नमुन्यातल्या ‘ताप : आहे / नाही’ या दोन चौकोनांत बसत नाही. बेळगाव, बडोदा, गोवा, हैदराबाद इथल्या शिक्षकांनी असे तक्ते करून घेतले, तर ते शेजारी शेजारी ठेवून पाहता येतील. त्यासाठी शब्दासोबत सांगणाऱ्याचे वय, गाव आणि तो शब्द कोणत्या दुखण्यासाठी वापरला, एवढे लिहिले तरी पुरे. नावाची गरज नाही.