गव्हाशिवाय कुरकुरीत: नीरफणसाची कापं

ग्लुटेन चालत नाही म्हणून कुरकुरीत खाणं सोडलंय? मग पावसाळ्यात मालवणच्या बाजारात नीरफणस शोधा.

साल आणि मधला दांडा काढून अर्धा सेंटीमीटर जाडीची कापं करा. चीक सुटतो, म्हणून सुरीला तेल लावा. कापं पाण्यातून काढून कोरडी पुसा. मग हळद, तिखट आणि कोकमाचं आगळ चोळा. आगळ खारट असतं, मीठ बेतानंच! सुरण घेतलात तर आगळ सढळ हवं. त्याची खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुयांमुळे येते, आंबटानं ती कमी होते.

घोळवायला फक्त जाडसर तांदळाचं पीठ. बरेच जण त्यात रवा मिसळतात, आणि रवा गव्हाचा! डबीतल्या हिंगातही अनेकदा मैदा असतो. सीलिॲकवाल्यांनी पीठ घरीच मिक्सरमध्ये काढावं. गिरणीत त्याच जात्यावर आधी गहू दळलेला असू शकतो.

बिडाचा तवा, मध्यम आच, कडेनं तेल. झाकण ठेवायचंच तर पहिल्या बाजूला. उलटल्यावर नको, वाफेनं कवच मऊ पडतं. माझ्या मते बेसनाच्या भज्यांपेक्षा ही कापं जास्त वेळ कुरकुरीत राहतात.