गुरगावच्या कालव्यातल्या होड्या

गुरुग्राममध्ये होडी? पावसाळ्यात तुंबणाऱ्या तिथल्या रस्त्यांची ही थट्टा नव्हे. यमुनेवर ओखल्याला निव्वळ बारीक वाळूवर पाया घालून सुमारे 730 मीटरचा बंधारा उभारला आणि 1874 साली आग्रा कालवा सुरू झाला. तो तेव्हाच्या गुरगाव जिल्ह्यातून मथुरा-आग्र्याकडे जाई. पाणी शेतीसाठी, पण त्यातून नौकाही चालत.

शेती आणि होडीचा हा संसार मुळात अवघडच. कालव्याला उतार जास्त दिला तर पाणी तळ उकरतं. म्हणून अभियंते उतार मंद ठेवतात आणि उरलेली उंची मध्येच एखाद्या ठिकाणी धबधब्यासारखी उतरवतात. पिकाला त्याचं काही नाही. होडी मात्र तिथे अडते. तिला बाजूने लॉक लागतं: दोन दारांमधला हौद. खाली जाणारी होडी भरलेल्या हौदात शिरते, मागचं दार लागतं, झडपेतून पाणी खाली सुटतं, पातळी जुळली की पुढचं दार उघडतं. पंप नाही, इंजिन नाही.

खरी गंमत दारात आहे. त्याच्या दोन फळ्या प्रवाहाच्या वरच्या बाजूला टोक करून मिटतात, त्यामुळे पाणीच त्यांना घट्ट दाबून धरतं. पाच मीटर रुंद दार तीन मीटर पाण्यात असेल, तर दोन्हीकडच्या पातळीत दहा सेंटिमीटरचा फरक पुरे, दारावर दीड टनाचा भार येतो. माणसाने कितीही जोर लावला तरी ते हलायचं नाही.

चढ मोठा असेल तर लॉकची रांगच लागते. इंग्लंडमध्ये डिव्हायझेसजवळ 29 लॉक होड्यांना 72 मीटर चढवतात. ती रांग 1810 मध्ये पुरी झाली. तिथे पाण्याची तहान होडीलाच. शेतं पावसावर पिकतात.

आपल्याकडे उलटं. होडीला बारमाही खोल, संथ पाणी हवं. शेतकऱ्याला पाळीप्रमाणे सोडलेलं, वाहतं. उन्हाळ्यात आटलेल्या यमुनेवर दोघांचं भागणार कसं? माझ्या मते होडी पहिल्या दिवसापासूनच हरलेली होती. 1904 मध्ये कालव्यातली नौकावाहतूक बंद झाली. त्याच साली आग्रा-दिल्ली लोहमार्गही खुला झाला. पुढे 1979 मध्ये फरिदाबाद वेगळा जिल्हा झाला आणि कालवा त्याच्या वाट्याला गेला.

दक्षिण हरियाणात आज लॉकच्या रांगेसारख्या पायऱ्या आहेत, पण होडीसाठी नव्हे, पाण्यासाठी. जवाहरलाल नेहरू उपसा कालवा रेवाडी-महेंद्रगडच्या उंच रानांकडे टप्प्याटप्प्याने पाणी चढवतो, आणि प्रत्येक टप्प्यावर पंप लागतो.