कळंबच्या किनाऱ्यावर ५५८
भारतात लाँग वेव्हवर रेडिओ प्रसारण नाही; १४८.५ ते २८३.५ किलोहर्ट्झचा तो पट्टा प्रामुख्याने युरोपचा. कळंबला व्हॉल्व्हचा जुना रेडिओ लावायचा तर मीडियम वेव्हच. ५५८ किलोहर्ट्झवर आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी, प्रक्षेपण मालाडहून. जमिनीलगत येणाऱ्या मीडियम वेव्हच्या लहरी खाऱ्या पाण्यावरून जाताना फार कमी क्षीण होतात, हे किनाऱ्याचे भाग्य. मात्र दोन स्टेशनांत अंतर ९ किलोहर्ट्झचेच, म्हणून साधारण साडेचार किलोहर्ट्झच्या वरचे बरेचसे स्वर रिसीव्हर गाळतो. झांजेची धार, ‘स’चा फुत्कार बोथट होतो. पण लाकडी पेटीतला मोठा स्पीकर निवेदकाचा आवाज असा भरदार देतो, की बातम्या ऐकाव्यात तर त्यावरच! फक्त जवळचे खरखर करणारे एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर आधी बंद करावेत.